परसांतील गोड पाला
मुळशी तालुक्यांतील घरगुती लागवड, अर्काची कृति व दोन सावधगिरीच्या गोष्टी

शेतकऱ्याच्या घरीं दिवसांतून तीन वेळां तरी चहा होतो, आणि आलेल्या पाहुण्यापुढें फिका चहा ठेवणें आपल्याकडे कमीपणाचें मानतात. अशा घरांत एखाद्या वडील माणसास मधुमेह जडला म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. मधुमेह हा शहरांतील बैठ्या लोकांचा रोग, असें पूर्वीं समजत. आतां तो खेड्यापाड्यांतही सर्रास आढळतो. मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यांत हिंजवडी-पिरंगुटकडे कारखाने व कचेऱ्या झाल्या, गांवोगांव मोटारसायकली आल्या, पायीं चालणें कमी झालें आणि दुकानचें गोड खाणें मात्र वाढलें. त्याचे परिणाम घराघरांत दिसूं लागले आहेत.

अशा घरीं परसांतील एका लहानशा झाडाचा पाला साखरेचें काम कांहीं अंशीं करूं शकतो. त्याविषयीं शेतकरी दोन प्रश्न विचारतात. हा पाला घरांत वापरावा कसा, हा पहिला. आणि शेतांत लावल्यास पैसे होतील काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही मोकळ्या मनानें देतों. दुसऱ्याचें उत्तर देतांना मात्र हात आखडता घेतों. दोहोंचीं कारणें पुढें दिलीं आहेत.

झाडाची ओळख

ह्या झाडाचें शास्त्रीय नांव स्टेव्हिया रेबाउडियाना. रोपवाटिकांतून तें ‘गोड तुळस’, ‘मधुपत्री’ अशा नांवांनीं मिळतें. पहिल्या नांवानें वाचकांनीं फसूं नये. हें झाड तुळशीच्या कुळांतलें नसून शेवंती, झेंडू व सूर्यफूल ह्यांच्या कुळांतलें आहे, आणि पान चुरल्यास त्यास तुळशीचा वास येत नाहीं. झाड हात-दीड हात उंच वाढतें. पानें समोरासमोर, लांबट व कडेस किंचित् दातेरी असतात. फुलें बारीक व पांढरीं येतात. पान दांतांखालीं धरलें म्हणजे प्रथम कांहींच लागत नाहीं. मग हळूहळू गोडी चढते, ती बराच वेळ जिभेवर रेंगाळते, आणि शेवटीं ज्येष्ठमधासारखी थोडी कडवट चव मागें राहते.

झाडाचें मूळस्थान दक्षिण अमेरिकेंतील पॅराग्वे देशाचा ईशान्येकडील डोंगराळ मुलूख होय. तेथील ग्वारानी लोक ‘माते’ नांवाच्या आपल्या कडू पेयांत हा पाला फार पूर्वींपासून घालीत आले आहेत. पॅराग्वेंत स्थायिक झालेले स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी ह्यांनीं १८९९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. ओविदियो रेबाउदी नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाचें नांव झाडास मिळालें. पुढें १९३१ सालीं ब्रिडेल व लाव्हिएल ह्या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं पानांतील गोड द्रव्य वेगळें काढलें. त्यास स्टेव्हिओसाइड म्हणतात. तें साखरेच्या सुमारें २५० ते ३०० पट गोड असतें. सुक्या पानांत अशीं गोड द्रव्यें शेंकडा दहाच्या आसपास असतात, आणि नुसतें सुकें पान साखरेच्या दहा-पंधरा पट, क्वचित् त्याहून अधिक गोड भरतें.

ह्या गोडीनें रक्तांतील साखर कां वाढत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे. आपली साखर आंतड्यांत फुटते व तिचा अंश लगेच रक्तांत उतरतो. स्टेव्हिओसाइड मात्र जठर व लहान आंतडें ह्यांतून न पचतां पुढें जातें. मोठ्या आंतड्यांतील जंतु त्याचें विघटन करितात, आणि उरलेला भाग शेवटीं लघवीवाटे बाहेर पडतो. त्यापासून शरीरास उष्मांक जवळजवळ मिळत नाहींत.

जपानांत १९७० नंतरच्या दशकांत ह्या द्रव्याचा व्यापारी उपयोग सुरू झाला. युरोपीय संघानें २०११ सालीं, व आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानें २०१५ सालीं, खाद्यपदार्थांत तें वापरण्यास परवानगी दिली. ही परवानगी कारखान्यांत शुद्ध केलेल्या अर्कास आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

मुळशीची हवा व जमीन

झाड मूळचें डोंगरांतलें, म्हणून तें मुळशींत आपोआप चांगलें येईल, असा तर्क करणें चुकीचें होईल. ह्या तालुक्यांतील पाऊस सारखा नाहीं. ताम्हिणीच्या बाजूस वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि हिंजवडी-माणकडे उतरत आलें म्हणजे त्याचा लहानसा हिस्साच पडतो. गोड पाल्याच्या झाडाचीं मुळें उथळ असतात. त्यास पाणी वरचेवर लागतें, परंतु सांचलेलें पाणी मुळींच सोसत नाहीं. चार दिवस मुळाशीं पाणी तुंबलें कीं मुळें कुजतात व झाड माना टाकतें. कोळवण किंवा पौड खोऱ्यांतील ज्या चिकण खाचरांत आंबेमोहोर व इंद्रायणी भात उत्तम येतें, तींच खाचरें ह्या झाडास घातक आहेत.

ह्यास्तव परसांत उंच गादीवाफा करावा. तो जमिनीपासून निदान एक वीत उंच असावा व दोन्ही बाजूंनीं पाणी निघून जाण्यास चर काढावे. मातीसाठीं दोन भाग वरकस जमिनीची तांबडी माती, एक भाग वाळू व एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत घ्यावें. पश्चिम भागांतील गांवांत वाफ्यापेक्षां कुंड्या अथवा बुडाशीं भोकें पाडलेले जुने डबे बरे. ज्येष्ठ अखेरीस ते पडवींत, वळचणीच्या आंत घेतां येतात व पावसाळा संपल्यावर पुन्हां उन्हांत ठेवतां येतात.

लागवडीची रीत

बियांच्या नादीं लागूं नये. तें उगवतें फार थोडें, आणि उगवलेलीं रोपें गोडीस सारखीं निघत नाहींत. खात्रीच्या रोपवाटिकेंतून दोन-तीन रोपें आणावीं, आणि आणण्यापूर्वीं पान चाखून पाहावें. पुढील रोपें घरीं करावीं. त्यासाठीं फूल न आलेल्या शेंड्याचे चार-पांच बोटें लांबीचे तुकडे घ्यावे, खालचीं पानें काढावीं, आणि ओलसर वाळूमिश्रित मातींत सावलींत खोंचावे. तीन-चार आठवड्यांत मुळें धरतात.

कायमची लागवड फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत करावी. दोन झाडांत एक वीत व दोन ओळींत दोन वितींचें अंतर पुरे. रोप वीतभर झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून झाड भरतें. उन्हाळ्यांत एका दिवसाआड थोडें थोडें पाणी द्यावें.

ह्या झाडाचा एक स्वभाव आपल्या हवेंत विशेष लक्षांत ठेवला पाहिजे. दिवस लहान झाला कीं त्यास फुलें येतात. त्याच्या मूळ प्रदेशांत उन्हाळ्याचा दिवस आपल्यापेक्षां मोठा असतो. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवसही सवातेरा तासांच्या आंतबाहेर असल्यामुळें झाड लवकर कळ्या धरतें. फुलें आलीं कीं पानांतील गोडी उतरते. म्हणून कळी दिसतांच खुडावी, आणि सर्व झाडावर कळ्या आल्यास वाट न पाहतां कापणी करावी.

कापणी व वाळवण

फेब्रुवारींत लावलेलें झाड मेअखेर पहिल्या कापणीस येतें. मुळशीकरांस ही वेळ सोयीची आहे, कारण वाळवणास कडक ऊन मिळतें आणि पुढील पावसाळ्यांत झाड हलकें राहतें. जमिनीपासून चार बोटें खुंट ठेवून कापावें. दुसरी कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत कळ्या धरतांना व तिसरी थंडीच्या अखेरीस मिळते. नीट जपल्यास एकच झाड तीन-चार वर्षें टिकतें.

गोडी पानांत असते. काड्यांत ती फार थोडी. म्हणून पानें ओरबाडून घ्यावीं, एकदां स्वच्छ पाण्यांत धुवावीं, पाणी निथळूं द्यावें व स्वच्छ धोतरावर पातळ पसरावीं. उन्हांत एक-दोन दिवसांत तीं वाळतात. मुठींत चुरल्यावर कुरकुर वाजून चुरा झाला म्हणजे वाळवण पुरें झालें असें समजावें. पावसाळ्यांत पानें चुलीवरील माळ्यावर वाळवण्याचा मोह होतो. तसें करूं नये, कारण धुराचा वास पानास चिकटतो तो पुढें जात नाहीं. एक किलो ओल्या पाल्याचा सुमारें दोनशे ग्रॅम सुका पाला होतो. तो कोरड्या कांचेच्या बरणींत, अंधारांत ठेवावा. ओल राहिल्यास बुरशी येते व सर्व पाला टाकून द्यावा लागतो.

पूड व अर्क

पुडीची कृति सोपी आहे. सुकीं पानें खलांत अथवा यंत्रांत बारीक करून तलम कापडांतून चाळावीं. पान साखरेच्या पंधरा पट गोड धरलें तर एक चमचा, म्हणजे पांच ग्रॅम साखरेस एक तृतीयांश ग्रॅम पूड, म्हणजे एक चिमूट पुरते. पूड पाण्यांत विरघळत नाहीं व हिरवा गाळ तळाशीं बसतो. म्हणून ती चहा उकळतांनाच टाकावी व चहाबरोबर गाळून घ्यावी.

सरबत व खिरीसाठीं अर्क बरा. तो येणेंप्रमाणें करावा :

१. सुका, चुरलेला पाला २० ग्रॅम घ्यावा.

२. अर्धा लिटर पाणी उकळून खालीं उतरवावें, त्यांत पाला टाकून झांकण ठेवावें व अर्धा तास मुरूं द्यावें. पाला पाण्यांत फार वेळ उकळूं नये. त्यानें तुरट-कडवट अंश उतरतो.

३. दुहेरी स्वच्छ कापडांतून गाळून पाला पिळून घ्यावा.

४. गाळलेलें पाणी मंद आंचेवर आटवून पाव भाग, म्हणजे सुमारें १२५ मिलिलिटर ठेवावें. आटवल्यानें गोडी नाहींशी होत नाहीं. हीं द्रव्यें उष्णतेस टिकाऊ आहेत.

५. उकळत्या पाण्यानें धुतलेल्या व वाळवलेल्या कांचेच्या बाटलींत भरून शीतकपाटांत ठेवावें व आठ दिवसांत संपवावें.

वीस ग्रॅम पाल्यांत सुमारें तीनशे ग्रॅम साखरेची गोडी असते. ती सर्व उतरली असें धरलें तर एका मिलिलिटर अर्कांत जवळजवळ अडीच ग्रॅम साखरेची गोडी येईल, म्हणजे अर्धा लहान चमचा अर्क एक चमचा साखरेस भारी. प्रत्यक्षांत गोडी थोडी कमी उतरते, व प्रत्येक झाडाचा पाला सारखा नसतो. म्हणून प्रथम थोडा घालून चव पाहावी. अधिक घातल्यास गोडी न वाढतां कडवटपणाच वाढतो.

अर्क आठ दिवसांपलीकडे ठेवूं नये, ह्याचें कारण गृहिणींनीं ओळखावें. साखरेच्या पाकांत साखर स्वतःच नासण्यास अडथळा करते. ह्या अर्कांत साखर नाहीं, म्हणून तो साध्या काढ्याप्रमाणें आंबतो.

कोठें चालतो व कोठें चालत नाहीं

चहा, कॉफी, लिंबाचें व कोकमाचें सरबत, तांदळाची किंवा नाचणीची पातळ खीर, ह्यांत हा पाला चालतो. लाडू, वड्या, मोरांबा, चिक्की व पुरण ह्यांत तो चालत नाहीं. तेथें साखर-गूळ केवळ गोडीकरितां नसतात. त्यांच्यापासून पदार्थास वजन, चिकटपणा, रंग व टिकाऊपणा येतो. पाल्याच्या अर्काचा पाक होत नाहीं व तो भाजून तांबूसही होत नाहीं. तेव्हां होळीच्या पोळीला गूळच लागणार, आणि कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम कारखान्यास ऊस घालणाऱ्या बागाइतदारांनीं ह्या झाडास भिण्याचें कारण नाहीं.

किती घ्यावा व कोणी जपावें

अन्नांतील मिश्रद्रव्यांची पारख करणाऱ्या जागतिक तज्ज्ञसमितीनें २००८ सालीं मर्यादा ठरविली, ती स्टेव्हिओल ह्या मूळ अंशाच्या हिशेबानें दर किलो वजनास रोज ४ मिलिग्रॅम अशी आहे. साठ किलो वजनाच्या माणसास ती सुमारें ६०० मिलिग्रॅम स्टेव्हिओसाइडइतकी पडते. पानांत गोड द्रव्य शेंकडा दहा धरल्यास हें प्रमाण सहा ग्रॅम सुक्या पाल्याइतकें होतें. दिवसांतून तीन कप चहा व दर कपास दोन चमचे साखर, ह्या हिशेबानें तीस ग्रॅम साखरेच्या जागीं दोन ग्रॅम पाला लागेल. म्हणजे साधा वापर मर्यादेच्या पुष्कळ आंत राहतो.

तथापि ही मर्यादा शुद्ध अर्कासाठीं ठरलेली आहे. कच्च्या पानांत गोड द्रव्याखेरीज इतरही पुष्कळ अंश असतात, व त्यांची पारख तशी झालेली नाहीं. अमेरिकेच्या अन्नखात्यानेंही शुद्ध अर्कास मोकळीक दिली, परंतु पाला व कच्चा अर्क अन्नांत गोडीसाठीं घालण्यास दिली नाहीं. म्हणून पाला बेतानेंच वापरावा. गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस तो रोज देऊं नये. आणि मधुमेहाचीं अथवा रक्तदाबाचीं औषधें चालू असणाऱ्यांनीं आपल्या डॉक्टरांस सांगून मगच सुरू करावा.

आणखी एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. हा पाला मधुमेहाचें औषध नव्हे. चहांतील साखर सोडून ताटांत भाताचा डोंगर तसाच राहिला तर कांहीं साधत नाहीं, कारण भाताचीही शेवटीं साखरच होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं असा सल्ला दिला कीं वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं अशा बिनसाखरेच्या गोड द्रव्यांवर भिस्त ठेवूं नये. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्या लोकांसाठीं दिलेला नव्हता, हें खरें. तरी त्यांतील मर्म सर्वांस लागू आहे. गोडाची सवयच हळूहळू कमी करणें हा मुख्य उपाय, व पाला हा त्या वाटेवरील आधार.

आपल्याकडचे इतर पाले

गोड पाला आपल्यास अगदीं नवा नाहीं. गुंजेचा पाला आपण विड्यांत घालतों, व घसा बसल्यास चघळतों. परंतु त्याच वेलाचें तांबडें-काळें बी जालीम विषारी आहे. तें चावलें किंवा फोडून पोटांत गेलें तर प्राणावर बेततें. लहान मुलें असलेल्या घराच्या परसांत गुंजेचा वेल लावूं नये. ज्येष्ठमधाची मुळी गोड खरी, पण ती रोज व फार घेतल्यास रक्तदाब वाढतो. गुडमार अथवा मधुनाशिनी ह्या वेलीचें काम ह्याच्या उलट आहे. तिचें पान चघळल्यावर कांहीं वेळ जिभेस साखरही मातीसारखी लागते. नांवें ऐकून ह्या पाल्यांची गल्लत करूं नये.

शेतांत लावावा काय

आतां दुसरा प्रश्न. पुष्कळ शेतकऱ्यांस रोपें विकणारे एकरी उत्पन्नाचे मोठे आंकडे दाखवितात व पाला परत घेण्याचें तोंडी वचन देतात. ओळींत ४५ व रोपांत २२ सेंटिमीटर अंतर धरल्यास एकरी सुमारें ४०,००० रोपें बसतात. रोपास पांच रुपये धरले तरी केवळ रोपांचा खर्च दोन लाख होतो. त्यांत ठिबक, गादीवाफे, मजुरी व वाळवण्याची छपरी आलेली नाहीं. एवढें करून मुळशीच्या एका आषाढांत पाणी तुंबलें तर सर्व रोपें जाण्याचा धोका आहे. पाला वांचला तरी तो भातासारखा बाजारांत नेऊन विकतां येत नाहीं. त्यास अर्क काढणारा कारखानाच गिऱ्हाईक लागतो. गिऱ्हाईक एकच असल्यावर भाव तोच ठरवितो.

मुळशी पेट्यानें आपल्या जमिनींसाठीं १९२१ ते १९२४ सालांत सेनापति बापट प्रभृतींच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला, तरी पुष्कळ चांगलीं खाचरें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं. उरलेल्यांतील कितीतरी जमीन आतां बंगल्यांखालीं जात आहे. ज्याच्या हातीं दोन-तीन एकर राहिले आहेत त्यानें त्यावर असा जुगार खेळूं नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. ज्यास करावयाचेंच असेल त्यानें पूर्वेकडील निचऱ्याच्या जमिनींत दोन-चार गुंठ्यांवर आरंभ करावा. खरेदीदाराकडून भाव, गोड द्रव्याचें प्रमाण कोण तपासणार, व पाला न उचलल्यास भरपाई किती, हीं तिन्ही कलमें लेखी घ्यावीं. जो रोपें विकतो पण पाल्याचा करार लेखी देत नाहीं, त्याचा धंदा रोपांचा आहे, पाल्याचा नव्हे, असें समजावें.

परसांतील हिशेब मात्र निराळा आहे. वरच्या प्रमाणानें एका माणसास वर्षास पाऊण किलोच्या आंत सुका पाला लागतो, व तो अकरा किलो साखरेच्या जागीं पुरतो. एका झाडापासून दर कापणीस पंधरा ग्रॅम व वर्षांतून तीन कापण्या धरल्या तर सोळा-सतरा झाडें पुरतात. त्यांस जागा लागते एका खाटेएवढी, आणि आरंभाचा खर्च दोन-तीन रोपांचा. रोपें न जगलीं तरी शेतकऱ्याचें कांहीं बुडत नाहीं, आणि जगलीं तर घरांतील मधुमेही माणसास पाहुण्यांबरोबर बसून गोड चहा घेतां येतो. येत्या माघांत ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं गादीवाफ्याची जागा आतांच पाहून ठेवावी, व पुढील पावसाळ्यांत आपल्या गांवीं किती झाडें तगलीं हें मासिकास अवश्य कळवावें.